न चुकलेले गणित

२०२१ सालचा डिसेंबर महिना होता. नाताळ आठवड्यावर आला होता. घरात गोठ्यासाठी पेंढा आणि चांदणीसाठी बांबूच्या कामट्या येऊन पडल्या होत्या. अशा गडबडीत माझा तेरा वर्षांचा नातू माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आजोबा, रविवारी आपण नवा स्पायडर-मॅन पाहायला जाणार आहोत. त्यात जुना डॉक्टर ऑक्टोपस परत येतोय. तुम्ही २००४ सालचा पाहिला नाहीत, तर तुम्हाला काहीच कळायचं नाही." सहासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षकाला नातवाने पूर्वतयारीचा अभ्यास नेमून द्यावा, याची मला गंमत वाटली. मी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा त्याच्या शेजारी जाऊन बसलो.

खरे सांगायचे तर या सुपरहिरोंच्या चित्रपटांविषयी माझे मत फारसे अनुकूल नव्हते. माणसाने भिंतीवर चढावे, इमारतींवरून उड्या माराव्यात आणि शेवटी दुष्टाचा नायनाट करावा, यात विचार करण्यासारखे काय असणार, असे मला वाटे. आमच्या पिढीला खलनायक कसा असतो ते ठाऊक होते. निळू फुले यांच्यासारखा मुलखाचा सज्जन माणूस पडद्यावर आला, की प्रेक्षागृहातील बायाबापड्या बोटे मोडीत, इतकी त्या कलावंताची ताकद होती. खलनायकाचा राग यायचा असतो. त्याच्याविषयी कळवळा वाटायचा नसतो, एवढेच आम्ही जाणत होतो.

सॅम रायमी यांनी दिग्दर्शित केलेल्या 'स्पायडर-मॅन २' या चित्रपटाने माझी ही समजूत पहिल्या अर्ध्या तासातच ढिली केली. यातील खलनायक डॉ. ऑटो ऑक्टेव्हियस हा शास्त्रज्ञ आहे. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६३ साली चित्रकथेत त्याला प्रथम आणले, तेव्हा तो गर्विष्ठ आणि तुसडा गृहस्थ होता. चित्रपटाची पटकथा लिहिणारे ॲल्विन सार्जंट यांनी मात्र त्याला एक घर दिले. हे घर माणसाचे आहे असे आपल्याला पटते, ते आल्फ्रेड मोलिना या नटामुळे.

मोलिना यांचा जन्म १९५३ सालचा, लंडनचा. वडील स्पेनचे आणि आई इटलीची. दोघेही कष्टकरी, पोट भरण्यासाठी इंग्लंडात आलेले. देह स्थूल, चेहरा रुंद, आवाज भरदार आणि मऊ. खलनायकाच्या भूमिकेसाठी जी धार आपण अपेक्षितो, ती या माणसाच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडत नाही. तरुण विद्यार्थी पीटर पार्कर त्याच्या घरी येतो. टोबी मॅग्वायर यांनी रंगविलेला हा पीटर हुशार, पण दमलेला आहे. ऑक्टेव्हियस आधी त्याला थोडे दरडावतो आणि मग जेवायला बसवून घेतो. पत्नी रोझी शेजारी आहे. आपण विज्ञान शिकत होतो, ही साहित्य शिकत होती आणि तिचे मन जिंकण्यासाठी आपल्याला कविता वाचाव्या लागल्या, हे तो मोठ्या लाडाने सांगतो. सांगताना तो पीटरकडे थोडा आणि पत्नीकडे अधिक पाहतो. वर्षानुवर्षे सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगताना संसारी माणसे जशी एकमेकांकडे पाहतात, तसे ते पाहणे आहे. डोना मर्फी यांची रोझी या चित्रपटात फार थोडा वेळ दिसते. पण त्या एका जेवणाच्या प्रसंगात वीस वर्षांचा संसार दिसून जातो. बुद्धी ही देणगी आहे, ती मानवजातीच्या कल्याणासाठी वापरायची असते, असे तो पीटरला बजावतो. मीही नववी-दहावीच्या मुलांना पंचवीस वर्षे हेच सांगत आलो होतो. मला तो माणूस आवडला.

पुढे प्रयोगाचा दिवस येतो. सूर्यात जी क्रिया घडते, ती प्रयोगशाळेत घडवून अमर्याद ऊर्जा मिळवायची, हे ऑक्टेव्हियसचे स्वप्न. तो धगधगता गोळा हाताळण्यासाठी त्याने चार यांत्रिक हात तयार केले आहेत. ते पाठीच्या कण्याला जोडले जातात. त्या हातांना स्वतःची बुद्धी आहे. तिने धन्यावर ताबा मिळवू नये म्हणून मानेवर एक छोटी चकती बसविलेली आहे. पाहुणे जमले आहेत. तो एक विनोद करतो, सगळे हसतात. प्रयोग सुरू होतो आणि लवकरच बिघडू लागतो. लोखंडी वस्तू गोळ्याकडे खेचल्या जातात. बंद करा, असे त्याला परोपरीने सांगितले जाते. तो म्हणतो, काही नाही, आत्ता स्थिर होईल. त्याच्या आवाजात क्रौर्य नाही. आहे ती सर्वांसमोर उभ्या असलेल्या शिक्षकाची अडचण. आता थांबलो तर माझे म्हणणे चुकले असे होईल, ही ती अडचण. मग खिडक्यांची तावदाने फुटतात आणि काचेचे तुकडे रोझीच्या दिशेने झेपावतात.

"जरा थांबव," मी नातवाला म्हणालो.

त्याला वाटले, मला पाणी हवे आहे.

१९८४ सालच्या ऑगस्टमधील एक दुपार माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली होती. मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. नववीच्या वर्गापुढे हायड्रोजन वायू तयार करून दाखवीत होतो. काचेच्या चंबूत जस्ताचे तुकडे, त्यावर विरल गंधकाम्ल. वायू तयार होऊ लागला, की नळीच्या तोंडाशी काडी धरायची. फिकट निळी ज्योत दिसते. मात्र त्याआधी चंबूतली सगळी हवा बाहेर जाऊ द्यावी लागते. हवेत मिसळलेला हायड्रोजन शांतपणे जळत नाही, त्याचा स्फोट होतो. हे मीच त्याच तासाला फळ्यावर लिहिले होते. पण तास संपत आला होता, मुले चुळबुळ करीत होती आणि माझ्या हातात पेटलेली काडी होती. प्रयोगशाळेचे परिचर माझ्या मागे उभे होते. आम्ही सारे त्यांना मामा म्हणत असू. ते हळूच म्हणाले, "सर, अजून थोडं थांबू या." मी म्हणालो, "झालंय, मामा."

चंबू फुटला. पहिल्या बाकावरच्या एका मुलीच्या भुवईत काच शिरली. डोळा वाचला. कपाळाला टाके पडले.

नातवाने चित्रपट पुन्हा सुरू केला. मी पाहत राहिलो. पण आता मी ऑक्टेव्हियसकडे वेगळ्या नजरेने पाहत होतो. तो बेशुद्ध पडला आहे. मानेवरची चकती जळून गेली आहे. शस्त्रक्रियागृहात ते हात कापून काढण्याची तयारी चालते, तोच ते जागे होतात आणि तेथील माणसांना ठार करतात. ऑक्टेव्हियसला यातले काहीच ठाऊक नाही. तो शुद्धीवर येतो, भोवताली पाहतो आणि गुडघे टेकून ओरडतो. मोलिना यांनी फोडलेली ती किंकाळी दुष्टाची नाही. घरी परतावे आणि दारातच घर जळालेले दिसावे, तसा तो आवाज आहे.

त्यानंतरचा नदीकाठचा प्रसंग मला या साऱ्या भूमिकेचा गाभा वाटतो. मोडकळीस आलेल्या एका धक्क्यावर, ओसाड पडक्या जागेत तो एकटा बसला आहे. रोझी गेली, स्वप्न गेले. हे राक्षसी हात नदीच्या तळाशी जावेत आणि त्यांच्याबरोबर आपणही जावे, असे तो म्हणतो. त्या क्षणी तो पुरता शहाणा आहे. मग ते हात त्याच्या तोंडापुढे येऊन कुजबुजू लागतात. त्यांचे बोलणे आपल्याला समजत नाही. आपल्याला कळतात ती केवळ त्याची उत्तरे. दुसऱ्या खोलीत कोणी दूरध्वनीवर बोलत असावे आणि आपण एकाच बाजूचे संभाषण ऐकावे, तसा हा प्रवेश मोलिना यांनी एकट्याने उभा केला आहे. आधी तो हातांना झिडकारतो. मग ऐकू लागतो. मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू एक दिलासा पसरतो आणि तो पुटपुटतो, की आपले गणित चुकणे शक्यच नाही. प्रयोग तर यशस्वी होतच होता. पुन्हा उभारू, अधिक मोठा उभारू. पैसे लागतील. पैसे चोरायचे? छे, मी काही गुन्हेगार नाही, असेही तो म्हणतो. आणि थोड्याच वेळात तो बँक लुटायला जातो.

या माणसाला खलनायक कोणी केले? यंत्रांनी केले, असे नातू म्हणाला. चकती जळली, म्हणून तो बिघडला. कथेच्या हिशेबाने त्याचे बरोबर होते. परंतु मोलिना यांच्या चेहऱ्यावर मला दुसरेच काही दिसले. हातांनी त्याला सत्तेची लालूच दाखविली नाही, सूडाचीही नाही. तुझी चूक नव्हती, एवढेच त्यांनी त्याला सांगितले. पत्नी आपल्या हट्टामुळे गेली, हे सत्य उराशी घेऊन जगणे त्याला अशक्य होते; ते उतरवून ठेवायला कोणीतरी जागा करून दिली आणि तो सुटला. गणित बरोबर होते असे एकदा ठरले, की ते सिद्ध करण्यासाठी प्रयोग पुन्हा करणे भागच होते. चोरी, अपहरण, ब्रेक तोडून भरधाव सोडलेली गाडी, हे सारे त्या एका दिलाशाचे हप्ते होते.

माझ्या पाठीला कोणी यंत्रे जोडली नव्हती. तरीही त्या दुपारी, मुलीला दवाखान्यात नेल्यानंतर, मी मुख्याध्यापकांसमोर उभा राहिलो तेव्हा माझ्या तोंडून शब्द आले, "चंबूला तडा गेलेला असावा." चंबू धुऊन, पुसून टेबलावर ठेवण्याचे काम मामांचे होते. मुख्याध्यापकांनी माझ्यावर विश्वास ठेवला. न ठेवण्याचे त्यांना कारण नव्हते. मामांना लेखी समज मिळाली आणि त्या वर्षीची त्यांची वेतनवाढ रोखली गेली. मुलांमध्ये, पालकांमध्ये, गावात बोलले गेले, की परिचराच्या हलगर्जीपणामुळे पोरीचा डोळा जाता जाता वाचला. मी ते बोलणे खोडले नाही. काही महिन्यांनी माझाच त्या तड्यावर विश्वास बसला. मला तो तडा दिसूही लागला. चंबूच्या गळ्याशी, केसासारखा बारीक. म्हणूनच पापनिवेदन करताना ही गोष्ट माझ्या ओठांवर कधी आली नाही. जे खोटे आहे असे वाटतच नाही, ते कबूल तरी काय करणार?

मोलिना यांच्या अभिनयाविषयी पुढे वाचताना काही तपशील हाती लागले. ते चार हात संगणकावर चितारले गेले, तसेच प्रत्यक्ष बनवूनही वापरले गेले. बनविलेला प्रत्येक हात चार माणसे मिळून कळसूत्री बाहुलीसारखा चालवीत. मोलिना यांनी त्या चार हातांना लॅरी, हॅरी, मो आणि फ्लो अशी नावे ठेवली होती. ही थट्टा खरी, पण तिच्यात नटाची समज आहे. ज्यांच्याशी बोलायचे, भांडायचे आणि शेवटी ज्यांना हुकूम सोडायचा, ते त्यांच्यासाठी सहकलाकार होते. या चित्रपटाला दृश्य परिणामांसाठी ऑस्कर मिळाले. तो मान योग्यच; पण त्या हातांना जीव आला तो त्यांच्याकडे ऐकणाऱ्या चेहऱ्यामुळे.

दुसऱ्या काही चित्रपटांतही मोलिना यांनी अशी माणसे उभी केली आहेत. २००० सालच्या 'शोकोला' चित्रपटात ते एका फ्रेंच गावाचे नगराध्यक्ष आहेत. प्रायश्चित्तकाळात गावात चॉकलेटचे दुकान निघाले, म्हणून हा कर्मठ गृहस्थ ते बंद पाडण्यासाठी जंग जंग पछाडतो. पास्काच्या आदल्या रात्री तो दुकानाची मोडतोड करायला आत घुसतो, एक तुकडा ओठाला लागतो आणि पहाटे तो चॉकलेटच्या ढिगात निजलेला सापडतो. आपण त्याला हसतो, पण त्याची किळस येत नाही. जो स्वतःला काटेकोर समजतो तो कोसळतो तेव्हा कसा दिसतो, हे या नटाला नेमके ठाऊक आहे.

डॉक्टर ऑक्टोपसच्या कथेचा शेवट मला फार मोलाचा वाटतो. दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा भयंकर ठरतो. सारे शहर गिळायला निघालेल्या त्या गोळ्यासमोर पीटर आपला मुखवटा काढून उभा राहतो. तो आता त्याच्याशी लढत नाही. त्या जेवणाच्या वेळी तुम्हीच मला काय सांगितले होते, याची तो आठवण करून देतो. गुरूचे शब्द शिष्य गुरूला परत करतो. मोलिना यांचा चेहरा येथे पाहावा. रागाने ताणलेले स्नायू सैल पडतात, डोळे ओले होतात आणि तुझे बरोबर आहे, असे तो म्हणतो. त्यानंतर तो हातांना दटावतो आणि त्यांना आपले ऐकायला लावतो. चकती दुरुस्त झालेली नसते. जे यंत्राने साधायचे, ते तो केवळ मनाच्या निर्धाराने साधतो. हा गोळा नदीत बुडवावा लागेल आणि ते काम मीच करीन, राक्षस म्हणून मला मरायचे नाही, असे म्हणून तो आपल्या स्वप्नाबरोबर पाण्याखाली जातो.

नातू म्हणाला, "म्हणजे तो चांगलाच होता ना, आजोबा?" मला पटकन हो म्हणवेना. शस्त्रक्रियागृहातील माणसे परत आली नाहीत. रोझी परत आली नाही. खलनायकाविषयी कळवळा वाटणे म्हणजे त्याचा गुन्हा पुसून टाकणे नव्हे. मोलिना यांनी तशी सवलत मागितलेलीही नाही. त्यांच्या अभिनयात दयेची याचना कोठेही नाही. हा माणूस तुमच्याआमच्यातला आहे आणि जेथून तो घसरला ती पायरी आपल्याही घरात आहे, एवढेच ते दाखवितात. मी नातवाला म्हणालो, "तो चांगला होता, मग त्याने वाईट केलं, मग ते वाईट आपणच केलं असं त्याने मान्य केलं. तिन्ही खरं आहे." त्याने मान डोलावली. त्याला कितपत पटले कोण जाणे.

रविवारी आम्ही 'स्पायडर-मॅन: नो वे होम' पाहिला. सतरा वर्षांनंतर मोलिना त्याच भूमिकेत परतले होते. संगणकाच्या साहाय्याने चेहऱ्यावरचे वय उतरविले होते. येथे त्याच्या मानेवर नवी चकती बसविली जाते आणि तो क्षणात शांत होतो. त्याचा चेहरा उजळतो तो क्षण सुंदर आहे. प्रेक्षागृहातल्या मुलांनी टाळ्या वाजविल्या. मला मात्र पहिलाच शेवट अधिक खरा वाटला. माझ्या मानेवर चकती बसवायला कोणी येणार नव्हते.

जानेवारी संपता संपता मी मामांकडे गेलो. सत्तरी ओलांडलेले मामा ओटीवर बसून वालाच्या शेंगा सोलीत होते. "या, सर," म्हणून त्यांनी सुपासह बाजूला सरकून मला जागा करून दिली. कसे सुरू करावे ते सुचेना. शेवटी म्हणालो, "मामा, चंबूला तडा नव्हता."

ते बराच वेळ शेंगा सोलीत राहिले. मग म्हणाले, "ठाऊक आहे, सर. मीच पुसला होता." आणखी थोड्या वेळाने म्हणाले, "मी 'थांबा' असं फार हळू म्हटलं होतं. पोरांसमोर सरांना कसं टोकायचं, म्हणून. मोठ्यानं म्हणालो असतो तर पोरीला लागलं नसतं. ते मला अजून टोचतं."

क्षमेचे शब्द मनाशी जुळवून मी गेलो होतो. मामांच्या त्या बोलण्यापुढे ते मला उच्चारता येईनात. सदतीस वर्षे मी जे ओझे खाली ठेवून हिंडत होतो, ते त्यांनी उचलून आपल्या घरी ठेवले होते. मी फक्त म्हणालो, "तुमची चूक नव्हती, मामा." नदीकाठच्या त्या प्रसंगात यंत्रांनी जे शब्द खोटे सांगितले होते, ते येथे खरे होते, आणि ते सांगायला मी इतकी वर्षे लावली होती.

शाळेला मी पत्र लिहिले आहे. मामांच्या सेवापुस्तकातील त्या नोंदीशेजारी माझा खुलासा ठेवावा, अशी विनंती केली आहे. ती मुलगी आता परदेशी असते; तिलाही लिहिले आहे. मामांविषयी जे बोलले गेले ते मात्र चारचौघांत बोलले गेले होते. म्हणून हे येथे, चारचौघांत, लिहितो आहे: चंबूला तडा नव्हता. मामांनी थांबा म्हटले होते. मी थांबलो नाही.